वाढवायचं नंतर बघू, आधी मारायचं थांबवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी कोथरूडला मेडिकल चालवतो, काउंटरमागे उभं राहून यंदा ३१ वर्षं झाली. पत्र लिहायची सवय नाही, लिहितो ते ऑर्डरी आणि रजिस्टर, त्यामुळे इकडचं तिकडे झालं तर सांभाळून घ्या. झालं असं की दोन आठवड्यांपूर्वी तुमच्या रविवारच्या पुरवणीत पोटातल्या काही जीवाणूंमुळे कॅन्सरची इम्युनोथेरपी जास्त लागू पडते असा लेख आला होता, आणि सोमवारी सकाळी मी शटर वर करून उदबत्ती लावतोय तोवर एक काकू ते कात्रण घेऊन हजर. मिस्टरांना इम्युनोथेरपी सुरू होणार, पुढच्या महिन्यात पहिला डोस. लेखातल्या एका शब्दाला पेनने गोल केलेला, तो दाखवून म्हणाल्या हे द्या. शब्द होता अक्करमॅन्सिया. मी म्हटलं काकू हे जीवाणूचं नाव आहे, गोळीचं नाही. तर म्हणाल्या मग त्या जीवाणूची गोळी द्या, नसेल तर तसलीच दुसऱ्या कंपनीची चालेल.

हसण्यासारखं त्यात काही नाही. घरात कॅन्सर शिरला की माणूस कशालाही धरतो आणि या बाईंना पेपर वाचून पहिल्यांदाच वाटलं असेल की आपल्या हातात पण काहीतरी आहे. तुमचा लेखही खोटा नव्हता, मथळा जरा चढवलेला होता तेवढाच. माझी तक्रार वेगळीच आहे. पोटात काय घालायचं यावर अख्खं पान आणि पोटात जे आहे ते आपण येता जाता कशाने मारतोय यावर दोन ओळी सुद्धा नाहीत. जीवाणू वाढवायचं खात्रीचं औषध अजून कुणाकडे नाही. मारायचं मात्र, म्हणजे अँटिबायोटिक, माझ्याच दुकानात डाव्या हाताला तिसऱ्या फळीवर आहे, आणि मी ते वर्षानुवर्षं विकत आलोय.

ज्यांनी लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. किमो कॅन्सरच्या पेशीला मारते. ही नवी औषधं, म्हणजे इम्युनोथेरपी, कॅन्सरला हातच लावत नाहीत. आपल्या अंगात टी-पेशी म्हणून शिपाई असतात, ते कॅन्सरची पेशी ओळखू शकतात, पण त्यांना ब्रेक असतो, कारण मोकाट सुटले तर आपल्याच अवयवांवर जातील. कॅन्सर लबाड, तो नेमका त्या ब्रेकवर पाय ठेवून बसतो आणि औषध तो पाय उचलतं. हे ब्रेक शोधले म्हणून अमेरिकेचे जेम्स अ‍ॅलिसन आणि जपानचे तासुकू होंजो यांना २०१८ चं नोबेल मिळालं. या औषधांपैकी इपिलिमुमॅब अमेरिकेत २०११ ला मंजूर झालं, पेम्ब्रोलिझुमॅब आणि निवोलुमॅब २०१४ ला. आता गंमत अशी, म्हणजे गंमत नाहीच ती, की कॅन्सर तोच, औषध तेच, तरी एकाला असं लागू पडतं की माणूस वर्षानुवर्षं हिंडतो फिरतो आणि शेजारच्या खुर्चीत सलाईन लावून बसलेल्याला शून्य. याची बरीच कारणं त्या गाठीतच असतात. पण सगळी नाहीत.

पोटाचा संशय कसा आला ती गोष्ट मला फार आवडते. शिकागोला थॉमस गायेव्स्की म्हणून शास्त्रज्ञ आहेत. त्यांच्याकडे एकाच जातीचे उंदीर दोन वेगवेगळ्या पुरवठादारांकडून आलेले, आणि एकीकडच्या उंदरांत गाठ भराभर वाढायची, दुसरीकडच्यात हळू. जात तीच, कॅन्सर तोच. मग त्यांनी दोन्ही एका पिंजऱ्यात ठेवले तर काही दिवसांनी फरकच गेला. का, तर उंदीर एकमेकांच्या लेंड्या खातात. म्हणजे जे काही होतं ते लेंडीतून इकडचं तिकडे गेलं. शोधल्यावर त्यात बिफिडोबॅक्टेरियम नावाचे जीवाणू निघाले. त्याच वेळी पॅरिसजवळच्या गुस्ताव रूसी कॅन्सर संस्थेत लॉरन्स झित्वोगेल यांच्या टीमला दिसलं की उंदरांच्या पोटात जीवाणूच ठेवले नाहीत तर इपिलिमुमॅबसारखं औषध चालतच नाही. दोन्ही कामं २०१५ ला एकदमच छापून आली. आमच्यासारख्या फार्मसी शिकलेल्यांना जीवाणू म्हणजे मारायची गोष्ट एवढंच शिकवलेलं, त्यामुळे मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा काहीतरी उलटं छापलंय असंच वाटलं होतं.

मग आली माणसं. २०१८ च्या सुरुवातीला पॅरिस, ह्यूस्टन आणि शिकागो अशा तिन्ही ठिकाणचे निकाल आले, औषध लागू पडलेल्यांच्या आणि न पडलेल्यांच्या विष्ठेत फरक सापडला. फक्त पॅरिसला अक्करमॅन्सियाचं नाव पुढे आलं, ह्यूस्टनला रुमिनोकोकस घराण्यातले कोणी, शिकागोला बिफिडो आणि आणखी दोघं. तीन गावं तीन नावं. तुमच्या लेखाने यातलं पहिलं नाव उचललं आणि काकूंनी त्याला गोल केला. बरं, तेच फ्रेंच लोक २०२२ ला फुप्फुसाच्या कॅन्सरचे ३३८ पेशंट तपासून सांगतायत की अक्करमॅन्सिया असणं चांगलं, पण ते फारच जास्त झालं तर परत वाईट, आणि असं जास्त झालेल्यांमध्ये अँटिबायोटिक घेतलेले लोक होते. म्हणजे मिठासारखं आहे, नसून चालत नाही आणि मूठभर टाकूनही चालत नाही. अशा गोष्टीची कॅप्सूल मी काउंटरवरून कोणत्या हिशोबाने देऊ? परदेशात सप्लिमेंट म्हणून विकतात ते, विकू देत.

आता माझ्या फळीकडे येतो. पॅरिसच्या त्या २०१८ च्या अभ्यासात २४९ पेशंट होते, फुप्फुस, किडनी आणि मूत्रमार्गाच्या कॅन्सरचे. त्यातल्या ६९ जणांनी इम्युनोथेरपीच्या आसपास अँटिबायोटिक घेतलेलं, कारणं अगदी साधी, दात, लघवीचं इन्फेक्शन, छातीतला कफ. न घेतलेले मध्याच्या हिशोबाने (म्हणजे निम्मे त्याहून कमी, निम्मे जास्त) २०.६ महिने जगले, घेतलेले ११.५. लंडनच्या टीमने २०१९ ला १९६ पेशंटचं छापलं, त्यात तर बघवत नाही. पहिल्या डोसच्या आधीच्या ३० दिवसांत अँटिबायोटिक झालेले २ महिने, न झालेले २६. आणि त्यातच असं पण दिसलं की औषध चालू असताना घेतलेल्या अँटिबायोटिकने तेवढा फरक पडला नाही, सगळा मार आधीच्या महिन्यातल्याचा. असं का होतं याचा एक धागा २०२३ ला सापडलाय. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात रक्तवाहिन्यांवर एक रेणू असतो, तो आतड्यातल्या ठराविक पेशींना तिथेच धरून ठेवतो, गेटवरच्या वॉचमनसारखा. अँटिबायोटिकने जीवाणू गेले की हा वॉचमन पण कमी होतो, आणि इतर पेशींना गप्प बसवणाऱ्या ज्या पेशी आतड्यातच राहायला हव्यात त्या निघून थेट गाठीत जाऊन बसतात. मग तुम्ही वरून लाखाचं औषध सोडा, आत शिपायांना शांत करणारे बसलेलेच.

हे वाचलं तेव्हा मला रात्री झोप लागली नाही, कारण माझे साडू.

सगळे त्यांना अण्णा म्हणायचे, वारज्याला राहायचे, चिंचवडच्या एका कारखान्यातून रिटायर झालेले, जन्मात सिगारेट नाही. २०२२ च्या दिवाळीनंतर फुप्फुसाचं निघालं. तपासण्या झाल्या, डॉक्टर म्हणाले किमोबरोबर इम्युनोथेरपी द्यायची, पैशाची जुळवाजुळव सुरू झाली कारण एकेका डोसचा खर्च लाखाच्या घरात, आणि त्या तीनेक आठवड्यांत अण्णांना खोकला आणि कणकण. मला फोन. अरे तुझ्याकडचंच काहीतरी दे ना, परत दवाखान्यात नको, तिथे दोन दोन तास बसवतात. मी दिलं. अझिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकचा कोर्स, पोरगा स्कूटरवर जाऊन देऊन आला. आठवड्याने परत फोन, कफ जात नाही, तर अमॉक्सिक्लॅव, म्हणजे दुसरं अँटिबायोटिक. त्याने पोट बिघडू नये म्हणून जीवाणूंच्या कॅप्सूल, अ‍ॅसिडिटी होऊ नये म्हणून रोज सकाळी पॅन्टोप्राझोल. सगळं घरचं माणूस म्हणून फुकट, वर बायकोला सांगितलं पण अभिमानाने, की बघ अण्णांचं सगळं मी बघतोय. डे-केअरला, म्हणजे हॉस्पिटलात डोस देतात तिथे, फॉर्म भरताना इतर औषधं या रकान्यात त्यांनी बीपी आणि शुगरची लिहिली, कारण अँटिबायोटिक तोवर संपलेलं, आणि संपलेलं औषध कोण लिहितं.

चार डोसांनंतरच्या स्कॅनमध्ये गाठ वाढलेली निघाली. इलाज बदलला. पुढच्या पावसाळ्यात अण्णा गेले.

नंतर बऱ्याच महिन्यांनी धीर करून एका ओळखीच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारलं की माझ्यामुळे झालं का. ते म्हणाले एका माणसाबद्दल हे जगात कोणी सांगू शकत नाही, आणि तुम्ही जे आकडे वाचलेत त्यात पण एक गोम आहे. अँटिबायोटिक कोणाला लागतं? जो आधीच जास्त आजारी, ज्याला इन्फेक्शन झालंय, जो अंथरुणाला लागलाय त्याला. मग तो लवकर गेला तर अँटिबायोटिकने गेला की ज्या कारणाने ते द्यावं लागलं त्याने गेला, हे नुसत्या आकड्यांवरून वेगळं काढणं अवघड. पुष्कळ अभ्यासांत तोच कल दिसतो म्हणून संशय बळकट आहे आणि उंदरांत कारणही दिसलंय, पण सिद्ध झालं म्हणायचं तर अर्ध्या लोकांना मुद्दाम अँटिबायोटिक देऊन बघायला पाहिजे, ते कोण करणार. मला बरं वाटावं म्हणून बोलले असतील थोडं, पण मुद्दा खरा आहे आणि मी तो इथे लपवत नाही. आणि आणखी एक त्यांनी दोनदा बजावलं ते पण लिहितो, पेशंटला खरंच इन्फेक्शन असेल आणि कॅन्सरच्या डॉक्टरने अँटिबायोटिक लिहिलं असेल तर ते घ्यायचंच, पूर्ण घ्यायचं, पोटातल्या जीवाणूंचा विचार करत बसायचं नाही. किमो चालू असताना तापलेला पेशंट इन्फेक्शनने दोन दिवसांत जाऊ शकतो. माझं बोलणं फक्त त्या स्ट्रिपबद्दल आहे जी गरज नसताना, कुणालाही न विचारता, फोनवर जाते.

आणि ती किती जाते ते मला विचारा. मार्च २०१४ पासून सेफिक्झाईमसारखी बरीच औषधं शेड्यूल एच-वन या सरकारी यादीत आली, विकलं की रजिस्टरला पेशंटचं नाव, डॉक्टरचं नाव, किती दिल्या ते लिहायचं आणि रजिस्टर तीन वर्षं ठेवायचं. चांगला नियम. पण अझिथ्रोमायसिन त्या यादीत नाही, ते साध्या शेड्यूल एच मध्ये. म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही हे खरं, पण रजिस्टरला नोंद नाही, त्यामुळे दोन गोळ्या द्या हो, घसा धरलाय, यावर आख्खं पुणं चालतं. स्ट्रिपवर उभी लाल रेघ असते, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका म्हणून, ती कशाची हे मला ३१ वर्षांत किती गिऱ्हाइकांनी विचारलं असेल? चौघांनी. त्यातले दोघं बारावीचे विद्यार्थी होते, प्रोजेक्ट होतं त्यांचं. धंद्यातले मित्र म्हणतील तू नाही दिलं तर पुढच्या चौकातला देईल, आणि ते बरोबरच आहे, देतोच तो.

अ‍ॅसिडिटीच्या गोळीचं पण तसंच. पॅन्टोप्राझोल आपल्याकडे लोक बडीशेपेसारखं खातात, काहींना पाच पाच वर्षं झालेली असतात आणि सुरू का केली तेच आठवत नाही. पोटातलं आम्ल मेलं की तोंडातले जीवाणू जिवंत खाली उतरतात आणि आतड्यातली वस्ती बदलते. फुप्फुसाच्या कॅन्सरच्या दोन मोठ्या ट्रायलच्या आकड्यांवर २०२० ला जे काम झालं त्यात इम्युनोथेरपी घेणाऱ्यांपैकी या गोळ्या घेणारे कमी जगल्याचं दिसलं. परत तीच गोम, गोळी दोषी की आजार. पण ज्याला गरजच नाही त्याने डॉक्टरला विचारून बंद करण्यात काय जातं?

प्रोबायोटिकवर मला सगळ्यात जास्त शिव्या बसणार आहेत, कारण त्यात मार्जिन चांगलं असतं. आपल्याकडे अँटिबायोटिकची चिठ्ठी आली की खाली जीवाणूंची कॅप्सूल असतेच, नसली तर आम्हीच विचारतो देऊ का. तर इस्राएलच्या वाइझमन संस्थेने २०१८ ला दाखवलं की अँटिबायोटिकनंतर अशा कॅप्सूल घेतलेल्यांच्या पोटात त्यांचे स्वतःचे मूळचे जीवाणू परत यायला उलट उशीर लागला, काहीच न घेतलेल्यांचे लवकर आले. भाडेकरू घुसले आणि मालकाला घरात येऊ देईनात, हे पुण्यात वेगळं समजवायला नको. आणि कॅन्सरचंच सांगायचं तर ह्यूस्टनच्या जेनिफर वारगो यांच्या टीमने २०२१ च्या शेवटी छापलं की मेलानोमाच्या, म्हणजे कातडीच्या एका कॅन्सरच्या, पेशंटमध्ये सगळ्यात चांगलं कोणाचं चाललं, तर जे दिवसाला २० ग्रॅम तरी फायबर खात होते आणि प्रोबायोटिक घेत नव्हते त्यांचं. फायबर दिवसाला ५ ग्रॅमने जास्त तर आजार वाढण्याचा किंवा मृत्यूचा धोका साधारण ३० टक्क्यांनी कमी असा त्यांचा हिशोब, १२८ पेशंटवरचा. उंदरांना बाजारातलं प्रोबायोटिक दिलं तर इम्युनोथेरपीचा परिणाम सरळ कमी झाला. सगळीच कॅप्सूल वाईट असंही नाही म्हणणार, कॅलिफोर्नियात किडनीच्या कॅन्सरच्या ३० पेशंटवर एक विशिष्ट जपानी जीवाणू देऊन बघितला तर निकाल आशादायक होता. पण तो ठराविक जीवाणू, ठराविक डोस, डॉक्टरांच्या नजरेखाली. माझ्या बरणीतली आंब्याच्या स्वादाची पावडर म्हणजे ते नव्हे.

तुमच्या लेखात विष्ठा प्रत्यारोपणाचा फोटो केवढा मोठा होता! म्हणजे लागू पडलेल्या माणसाची किंवा धडधाकट माणसाची विष्ठा प्रक्रिया करून पेशंटच्या आतड्यात सोडायची. आमच्या घरी चहा घेता घेता कुणी ते मोठ्याने वाचलं आणि सगळ्यांनी कप खाली ठेवले. पण काम खरं आहे. २०२१ ला इस्राएलच्या शेबा हॉस्पिटलने औषध न लागू पडलेल्या १० मेलानोमा पेशंटवर केलं, तिघांत गाठ कमी झाली. त्याच वेळी पिट्सबर्गला १५ पैकी ६ जणांना फायदा झाला. कॅनडात २०२३ ला २० नव्या पेशंटना आधी हे आणि मग औषध दिलं, १३ जणांना लागू पडलं, मात्र तुलनेला दुसरा गट नव्हता. आकडे एवढुसे आहेत हे लेखात कुठे आलंच नाही, आणि २०१९ ला अमेरिकेत दात्याच्या विष्ठेतून औषधांना न जुमानणारा जीवाणू जाऊन एक पेशंट दगावला हे पण आलं नाही. मला भीती अशी की उद्या कोणीतरी गल्लीत क्लिनिक टाकून हे सुरू करेल. आयुर्वेदाचं नाव लावून पण करेल.

शिवाय मेलानोमा गोऱ्यांत जास्त, आपल्याकडे क्वचित. आपल्याकडे तोंड, स्तन, गर्भाशयाचं मुख, फुप्फुस. आपल्या पेशंटसाठी मोठं काम झालं ते परळच्या टाटा मेमोरियलमध्ये, त्यावर तुमच्याकडे पान का नाही? डोक्यामानेच्या कॅन्सरच्या १५१ पेशंटपैकी निम्म्यांना तोंडाने घ्यायच्या स्वस्त औषधांबरोबर निवोलुमॅब दिलं, फक्त २० मिलिग्रॅम तीन आठवड्यांतून एकदा, जिथे नेहमीचा डोस २४० आणि तो पण दोन आठवड्यांनी. एक वर्षाने जिवंत राहिलेल्यांचं प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ वर गेलं. अशा पेशंटच्या पोटात काय चाललेलं असतं, हे आपलं आपल्यालाच बघायला लागणार, कारण आपलं पोट शिकागोवाल्यांचं नाही. भारतातल्या लोकांच्या आतड्यात प्रिव्होटेला नावाचे जीवाणू भरपूर असतात, पाश्चात्त्यांपेक्षा वेगळीच वस्ती, आणि हे दाखवणाऱ्यांत आपल्या पुण्याचं राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे, गणेशखिंडीतलं, डॉ. योगेश शौचे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी एकाच घरातल्या तीन पिढ्यांचे जीवाणू तपासण्यापर्यंत कामं केलेली आहेत. त्याच केंद्राची सूक्ष्मजीवांची अख्खी बँक पाषाणला आहे. माझ्या दुकानापासून स्कूटरवर वीस मिनिटं, चांदणी चौकात ट्रॅफिक नसेल तर, म्हणजे पाऊण तास. तुमच्या वार्ताहराला तिथे पाठवायचं सोडून तुम्ही परदेशी बातमी उतरवून घेतलीत, हे जरा लागलं मनाला.

खाण्याचं विचाराल तर मी डॉक्टर नाही, पण ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात १० ग्रॅमच्या आसपास फायबर असतं, बाजरी नाचणीत ११ च्या आसपास, पांढऱ्या तांदळात ३ पण नाही. म्हणजे दोन भाकऱ्या, मटकीची उसळ, एखादी पालेभाजी एवढ्यात ते ह्यूस्टनचे २० ग्रॅम होऊन जातात, आपल्या आज्या काही वेगळं खात नव्हत्या. मात्र ज्याला जुलाब चालू आहेत, आतडं अरुंद झालंय, नुकतं पोटाचं ऑपरेशन झालंय त्याला हे उलटं पडू शकतं, म्हणून आधी विचारा.

जुलाबावरून सगळ्यात महत्त्वाचं राहिलंच असतं. इम्युनोथेरपीवाल्याला जुलाब लागले तर कृपा करून मेडिकलला येऊन जुलाब थांबवायची गोळी मागू नका आणि आमच्या धंद्यातल्या भावांनो, देऊ नका. ब्रेक काढलेले शिपाई कधी कधी आतड्यावरच तुटून पडतात, ती सूज असते, साधं पोट बिघडणं नसतं, त्याला वेळेत स्टिरॉइड लागतं आणि उशीर झाला तर आतड्याला भोक पडण्यापर्यंत जातं. डे-केअरला फोन करायचा, रात्री सुद्धा. परदेशात अशा पेशंटला पाकिटात ठेवायला कार्डच देतात, माझी इम्युनोथेरपी चालू आहे म्हणून, ते दाखवलं की समोरच्याला कळतं. आपल्याकडे पेशंट मला फक्त चिठ्ठी दाखवतो किंवा ती पण नाही, आणि मी तोंडाकडे बघून ओळखायचं की याला घरात काय चाललंय.

म्हणून हॉस्पिटलांच्या फॉर्मवर इतर औषधं असा मोघम रकाना न ठेवता गेल्या दोन महिन्यांत अँटिबायोटिक, अ‍ॅसिडिटीची गोळी, जीवाणूंची कॅप्सूल यातलं काय घेतलं, संपलेलं असलं तरी लिहा, असं मराठीत छापावं एवढी माझी मागणी आहे. कार्ड छापून दिलं तर फारच उत्तम, खर्च कितीसा येणार. मी माझ्यापुरतं काउंटरवर लिहून लावलंय, "घरात कॅन्सरचा इलाज चालू असेल तर आधी ते सांगा, मग औषध मागा." पाटी बघून पहिल्याच दिवशी एकाने विचारलं डिस्काउंट आहे का त्यांना. म्हटलं नाही, प्रश्न आहेत. फोनवरून अझी मागणाऱ्यांना आता नाही म्हणतो, महिन्याला थोडा धंदा गेला, जाऊ दे.

त्या काकूंना मी त्या सोमवारी काहीच विकलं नाही. मिस्टरांच्या चालू गोळ्यांची यादी लिहून दिली, दाताची ट्रीटमेंट चालू होती म्हणाल्या आणि अँटिबायोटिकचा कोर्स आणखी तीन दिवसांचा होता, तर ती यादी घेऊन आधी कॅन्सरच्या डॉक्टरना फोन करा, स्वतःहून बंद करू नका म्हटलं. परवा परत आल्या. डॉक्टरांनी दातवाल्यांशी बोलून काय ते ठरवलं, पहिल्या डोसची तारीख पण आता पक्की झाली, आणि नाचणीचं चांगलं पीठ कुठे मिळेल विचारत होत्या. ते काही माझ्याकडे नसतं, मी त्यांना समोरच्या गिरणीत पाठवलं.

(नाव छापू नये ही विनंती, होलसेलवाले ओळखतात.)

आपला,
एक मेडिकलवाला, कोथरूड, पुणे